रात्रीचा पारा आणि गायीची धाप

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर राज्यातील प्रमुख शहरांच्या कमाल तापमानाची चौकट रोज छापली जाते. काल कोणते शहर सर्वांत जास्त तापले, पारा चाळिशीच्या किती वर गेला, हे वाचक सकाळच्या चहाबरोबर पाहतो, आणि मोसमी पावसाची पहिली बातमी आली की ती चौकट पानावरून निघून जाते. माणसांपुरती ती पुरेशी असेलही. परंतु सोलापूर जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३३ वर्षे नोकरी केल्यानंतर आणि आता घरच्या ११ गायींच्या गोठ्यात दिवसाचा बराचसा वेळ काढत असताना माझे असे मत झाले आहे की, जनावरे पाळणाऱ्या वाचकाला जे कळायला हवे ते या चौकटीतून कळत नाही. काही वेळा तर ती त्याला खोटा दिलासा देते. म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, कमाल तापमानाच्या शेजारी रात्रीचे किमान तापमान आणि हवेतील आर्द्रता हे दोन आकडे छापावेत, आणि ही चौकट जूनअखेरपर्यंत व पुन्हा ऑक्टोबरमध्ये चालू ठेवावी. विनंती लहान असली तरी तिचे कारण सांगायला थोडी जागा लागेल, ती द्यावी.

निरोगी गायीच्या शरीराचे तापमान साधारणतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. (आपल्याकडे जनावराचा ताप फॅरनहाइटमध्ये आणि हवेचा पारा सेल्सिअसमध्ये सांगण्याची रीत असल्याने दोहोंची तुलना कोणी करतच नाही, हा एक वेगळाच घोटाळा आहे.) माणसाला जो आकडा फणफणलेला ताप वाटेल, तो गायीचा रोजचा आकडा असतो, कारण ती आपल्या पोटात एक भट्टी बाळगून असते. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात वैरण अहोरात्र आंबत असते आणि त्या आंबण्यातून सतत उष्णता निघते. जितकी वैरण आणि खुराक जास्त, तितके दूध जास्त आणि तितकीच आतली ऊबही जास्त. रोज २० लिटर दूध देणारी, होलस्टिन या विदेशी जातीची संकरित गाय आणि शेजारच्या बाभळीखाली रवंथ करत बसलेली देशी खिलार गाय एकाच हवेत असल्या, तरी पहिलीला बाहेरच्या उन्हाशिवाय आतल्या भट्टीचीही उष्णता बाहेर टाकायची असते. होलस्टिन गायीला ५ ते २५ अंश सेल्सिअस एवढ्या हवेत सुख वाटते. सोलापूर, नगर, बीड, जळगाव या भागांत वर्षातले निदान चार महिने तिला ते सुख दिवसा मिळत नाही, हे उघड आहे. तरीही ती जगते आणि दूध देते. ते कसे, याचे उत्तर रात्रीत आहे.

गायीचे तापमान दिवसभर एकसारखे नसते. पहाटे ते सर्वांत कमी असते, उन्हाबरोबर चढत जाते, आणि त्याचा उच्चांक भर दुपारी न येता दिवस कलल्यावर, पुष्कळदा संध्याकाळच्या धारांच्या वेळी किंवा त्याहीनंतर येतो. चारपाचशे किलोच्या देहाला तापायला वेळ लागतो आणि निवायलाही लागतो. दिवसभर साठलेली उष्णता ती रात्रीच्या गार हवेत हळूहळू सोडते. रात्र गार असेल तर पहाटे चारपर्यंत हिशेब चुकता होतो आणि गाय नवा दिवस १०१.५ वर सुरू करते. रात्र तापलेली किंवा दमट असेल तर थोडी उष्णता बाकी राहते, दुसऱ्या दिवशी त्या बाकीवर नवी भर पडते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दुपारचा पारा आदल्या आठवड्यापेक्षा कमी असतानाही, गाय तोंड उघडून धापा टाकू लागते. गोठेवाला गोंधळतो, त्याने चौकटीत काल ३९ हा आकडा वाचलेला असतो आणि गेल्या आठवड्यात ४२ असताना गाय ठीक होती.

ही गोष्ट मी शिकलो ती एका गायीचा जीव गेल्यावर, हे सांगायला मला संकोच वाटतो, तरी सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट आहे. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास एका वस्तीवरून निरोप आला. गाय दुसऱ्या वेताची, पत्र्याच्या बुटक्या शेडमध्ये बांधलेली. मान पुढे ताणलेली, जीभ बाहेर, तोंडातून लाळेच्या तारा, बरगड्या इतक्या वेगाने हलत होत्या की मोजताना माझा आकडा चुकत होता. पारा १०६ वर. मी तेव्हाच्या माझ्या अकलेप्रमाणे ताप उतरवणारे इंजेक्शन दिले, शक्तिवर्धक म्हणून आणखी एक दिले, अंगावर एकदम गार पाणी टाकू नका, बाधेल, असे वर बजावले आणि पुढच्या गावाला निघून गेलो. रात्री आठला गाय गेली. ज्यांची ती गाय होती त्या आजींनी मला दोष दिला नाही. तो मी स्वतःला नंतर, शिकल्यावर दिला.

ताप आणि ऊन लागणे यांत पारा सारखाच दिसला तरी आत घडते ते उलट असते. रोगाच्या तापात मेंदूतले नियंत्रणच वरच्या आकड्यावर जाते. शरीराला वाटते की आपण १०५ वर असायला हवे, म्हणून ते कातडीचे रक्त आत ओढते, केस उभे राहतात, जनावर थरथरते. ताप उतरवणारे औषध ते नियंत्रण खाली आणते, म्हणून तेथे गुण येतो. ऊन लागते तेव्हा नियंत्रण जागेवरच असते. मेंदू सांगत असतो की १०१.५ वर ये, पण शरीराला उष्णता बाहेर टाकायला वाटच मिळत नाही. अशा वेळी औषध खाली आणणार काय? तेथे एकच औषध, ते म्हणजे भरपूर पाणी, कातडीपर्यंत पोहोचेल असे, आणि त्यावर वारा. गार पाणी बाधते ही समजूत अजून गावोगाव आहे आणि दर उन्हाळ्यात ती काही जनावरांच्या जिवावर उठते. १०६ च्या वर गेलेल्या गायीला विहिरीचे पाणी बाधत नाही, वाट पाहणे बाधते. १०७.५, म्हणजे सुमारे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत गेलेले जनावर क्वचितच वाचते.

मग गोचीड ताप, तिवा (तीन दिवसांचा ताप) यांसारखे आजार आणि ऊन यांत फरक ओळखायचा कसा? अनुभवी डॉक्टर खांद्यापुढची गाठ, डोळ्यांतली लाली, लंगडणे पाहून सांगतात. गोठेवाल्याला सोपा मार्ग म्हणजे पहाटेचा पारा. संध्याकाळी १०४ असलेली गाय पहाटे पाचला १०१.५ वर आली असेल, तर बहुधा ते ऊन आहे. पहाटे पाचलाही १०४ असेल आणि शेजारच्या दावणीच्या गायी १०१ वर असतील, तर तो आजार आहे आणि डॉक्टरांना लगेच बोलवावे. सगळ्याच गायी पहाटे १०२.५ च्या वर असतील, तर रात्रीने आपले काम केलेले नाही आणि गोठ्याची व्यवस्था बदलायला हवी. एका थर्मामीटरमधून इतके कळते, आणि तरी दहा गायींच्या गोठ्यातही तो नसतो. कानाच्या मुळाशी हात लावून ताप सांगण्याची पद्धत मोडायला हवी. उन्हाळ्यात प्रत्येक गायीचा कान गरमच लागतो. उलट, विल्यानंतर होणाऱ्या ज्या आजाराला आपण दुग्धज्वर म्हणतो, त्यात कान गार असतात आणि तापमान नेहमीपेक्षा उतरलेले असते. नावात ज्वर आहे एवढेच.

थर्मामीटरविषयी एक बारीक गोष्ट, कारण तिच्यामुळे मी अनेकांना फसलेले पाहिले आहे. पाऱ्याचा थर्मामीटर झटकून खाली आणावा लागतो. पण हवाच ४३ अंशांवर असेल तर तो कितीही झटकला तरी हवेच्या खाली उतरत नाही, आणि उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिकीत राहिलेला थर्मामीटर गायीला लावण्यापूर्वीच वरच्या टोकाला टेकलेला असतो. तो आधी माठातल्या पाण्यात बुडवून, झटकून, मग गुदद्वारात लावायचा. शेपटीला चिमटा आणि दोरा. टोक शेणात न रुतता आतड्याच्या भिंतीला टेकले पाहिजे. दोन-तीन मिनिटे थांबायचे. आता डिजिटल मिळतात, ते सोयीचे आहेत. लांबून कपाळावर रोखायचे जे यंत्र साथीच्या काळात घरोघर आले, ते मात्र गायीसाठी वापरू नये. ते केसांचे आणि कातडीचे तापमान सांगते, आतले नाही.

ज्याच्याकडे थर्मामीटर नाही त्याने निदान श्वास मोजावेत. गाय शांत उभी असताना तिच्या कुशीकडे पाहून मिनिटभर मोजायचे. २० ते ३५ असतील तर ठीक. ६० ओलांडले तर तिला उन्हाचा ताण सुरू झाला आहे, १०० ओलांडले तर ताण गंभीर आहे, आणि तोंड उघडून जीभ बाहेर आली असेल तर मोजत बसू नये, पाण्याचा पाइप घ्यावा. ही धाप फुकट नसते. वेगाने श्वास सोडताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गळणाऱ्या लाळेतून नैसर्गिक सोडा वाया जातो, घामातून पोटॅशियम जाते, आणि पोटातली आम्लता सांभाळायला जी लाळ आत जायला हवी ती जमिनीवर पडते. उन्हाळ्यात खुराकात खाण्याचा सोडा आणि खनिज मिश्रण द्यायला सांगतात ते या कारणाने.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हवेचा त्रास मोजण्यासाठी तापमान आणि आर्द्रता यांना एकत्र करणारा एक निर्देशांक आहे. अमेरिकेच्या हवामान खात्यातील थॉम यांनी १९५९ साली तो माणसांच्या अस्वस्थतेसाठी मांडला आणि पुढे तो गायींसाठी वापरात आला. तो कागद-पेन्सिलीने काढता येतो. हवेच्या फॅरनहाइट तापमानातून ५८ वजा करावेत. आर्द्रतेच्या टक्केवारीला ०.००५५ ने गुणून तो आकडा ०.५५ मधून वजा करावा. या दोन उत्तरांचा गुणाकार मूळ फॅरनहाइट तापमानातून वजा केला की निर्देशांक मिळतो. तो ७२ च्या वर गेला की दुभत्या संकरित गायीला ताण सुरू होतो असे बरीच वर्षे मानले गेले; जास्त दूध देणाऱ्या गायींसाठी ही मर्यादा ६८ पर्यंत खाली असल्याचे नंतर ॲरिझोना विद्यापीठातील संशोधनातून पुढे आले.

या हिशेबाने आपल्याकडचे दिवस तपासून पाहावेत. एप्रिलच्या दुपारी आमच्याकडे ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असली तर निर्देशांक ८४ येतो. मेच्या दुपारी रत्नागिरीच्या बाजूला ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली तर तो ८६ येतो. चौकटीत सोलापूर लाल रंगात आणि रत्नागिरी सुखात दिसते, गायीला मात्र रत्नागिरी जास्त जड जाते. जूनमध्ये आमच्याकडे वळवाचे एकदोन पाऊस पडून पारा ३४ वर आला आणि आर्द्रता ५५ टक्क्यांवर गेली की निर्देशांक पुन्हा ८४ च्या पुढेच असतो. लोक म्हणतात गारवा आला. एप्रिलच्या कोरड्या रात्री २५ अंश आणि ४० टक्के असताना निर्देशांक ७१ पर्यंत उतरतो, म्हणजे गायीला चार-पाच तास तरी श्वास घ्यायला मिळतो. जूनच्या रात्री २६ अंश आणि ७५ टक्के असताना तो ७६ वर अडून बसतो. दोन रात्रींच्या तापमानात फरक एका अंशाचा, पण गायीच्या दृष्टीने एक रात्र विश्रांतीची आणि दुसरी नाही. आणि नेमक्या याच सुमारास आपली चौकट बंद होते. ऑक्टोबरच्या उकाड्यातही हेच घडते, त्याची तर बातमीच होत नाही. हा निर्देशांक ऊन आणि वारा धरत नाही, सावलीत नसलेल्या जनावराचे हाल त्याहून जास्त असतात, हे खरे. तरी नुसत्या कमाल तापमानापेक्षा तो कितीतरी खरे सांगतो.

हे केवळ आमच्या गोठ्यापुरते नाही. जून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या नैर्ऋत्य भागात मांसासाठी पोसलेली किमान दोन हजार जनावरे काही दिवसांत मेली. तेथे पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भातला माणूस त्याला उन्हाळा म्हणणारही नाही. परंतु आर्द्रता अचानक वाढली, वारा पडला आणि रात्री निवल्या नाहीत. उन्हाची सवय होण्याआधीच ती जनावरे सापडली.

देशी जनावरांचे पुष्कळ कौतुक सध्या ऐकू येते आणि या बाबतीत ते रास्त आहे. खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ या आपल्या जातींच्या कातडीत घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि वरच्या थरात असतात, केस आखूड व चकचकीत असतात, आणि आतली भट्टीही लहान असते. पण १९६७ साली उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी बायफ या ग्रामविकास संस्थेची स्थापना केल्यापासून संकरित गाय या राज्यातल्या लाखो घरांचा संसार चालवत आली आहे, आणि कर्ज काढून घेतलेली गाय विकून उद्या खिलार बांधा, असे सांगणे सोपे आणि निरुपयोगी आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होलस्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून फुले त्रिवेणी तयार केली, त्यात देशी गीरचा वाटा का ठेवला असेल हे उन्हाळ्यात कळते. म्हशीचे दुःख निराळे. तिला घामाच्या ग्रंथी गायीच्या मानाने फारच कमी आणि कातडी काळी, म्हणून तिला डुंबायला लागते. गावातली डबकी बुजली, ओढे आटले, आणि म्हशी पत्र्याखाली बांधल्या गेल्या. तिच्यासाठी दिवसातून तीन-चार वेळा अंगभर पाणी हा चैनीचा प्रकार नाही.

गोठ्यात काय करावे यावर पुष्कळ छापून येते, म्हणून मी दोनच गोष्टींवर थांबतो. पहिली फॉगरविषयी. धुक्यासारखे पाणी उडवणारे फॉगर विक्रेते सर्रास बसवून देतात. कोरड्या एप्रिलमध्ये, मोकळ्या बाजूंच्या गोठ्यात ते हवा गार करतात. परंतु बाजू बंद असलेल्या गोठ्यात, पंख्याशिवाय किंवा जूनच्या दमट हवेत, ते आर्द्रता वाढवतात आणि केसांवर पाण्याचा पातळ थर बसवून आतली ऊब कोंडतात. मोठ्या थेंबांचा फवारा एक-दोन मिनिटे, कातडी भिजेपर्यंत, मग पाणी बंद आणि दहा-बारा मिनिटे पंखा, पुन्हा पाणी. पाणी स्वतः गाय गार करत नाही, ते उडून जाताना करते, आणि उडून जायला वारा लागतो. दुसरी गोष्ट पिण्याच्या पाण्याची. उन्हाळ्यात दुभती गाय दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी सहज पिते. पण गोठ्याच्या छतावर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतून आणि उन्हातून आलेल्या उघड्या पाइपातून दुपारी दोनला गव्हाणीत जे पाणी येते, त्यात आपण हात धरून पाहावा. गाय त्याला तोंड लावते, मान वर करते आणि निघून येते. आम्ही टाकीवर उसाचे पाचट बांधले आणि पाइप जमिनीत गाडला, त्यानंतर संध्याकाळच्या दुधात जो फरक पडला तो कोणत्याही पावडरीने पडला नव्हता. वैरणीचा मोठा वाटा रात्री नऊनंतर टाकतो, म्हणजे भट्टी पेटते ती गार वेळी.

या सगळ्याचा पैशाशी संबंध कसा येतो तेही सांगतो. उष्णतेने गाय कमी खाते, दूध घटते, त्यातले फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफही (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) घसरते. दुधातली घट त्याच दिवशी नव्हे, एकदोन दिवसांनी दिसते. आजच्या किटलीत परवाची रात्र असते. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही पायाभूत प्रत धरून दर मिळतो. मे-जूनमध्ये एसएनएफ ८.२ वर आले की दर कापला जातो आणि वर पाणी घातल्याचा संशय. आमच्याच भागातील एका संकलन केंद्रावर माझ्या सूनबाईंना रांगेत सर्वांसमोर हे ऐकून घ्यावे लागले. त्यांनी दुसऱ्या दिवशी केंद्राच्या माणसाला गोठ्यात आणून त्याच्यासमोर धारा काढल्या आणि तेच दूध मोजायला लावले. एसएनएफ ८.२ च आले. त्यांनी वाद जिंकला, दर मिळाला नाही.

दुधाची घट निदान दिसते. गाभण न राहणे उशिरा दिसते. तापलेल्या गायीचा माज मुका आणि थोड्या तासांचा होतो. रेतन साधले तरी पहिल्या काही दिवसांतला गर्भ उष्णतेला फार नाजूक असतो. गर्भाशयाचे तापमान अर्ध्या अंश सेल्सिअसने वाढले तरी गर्भ राहण्याचे प्रमाण घसरते. गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि दोष रेतन करणाऱ्याला किंवा वीर्याच्या कांडीला लागतो. उन्हाळ्यात बिघडलेल्या स्त्रीबीजाचा परिणाम हवा निवल्यानंतरही दीड-दोन महिने रेंगाळतो. विण्यापूर्वीच्या शेवटच्या दोन महिन्यांतल्या भाकड गायीला तर, दूध देत नाही म्हणून, आपण पत्र्याच्या पश्चिमेच्या टोकाला बांधतो. तिच्या पुढच्या वेताचे दूध आणि पोटातल्या वासराचे वजन त्याच टोकाला कमी होत असते.

सरकारी बाजूविषयी थोडेच लिहितो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत दुभते जनावर दगावल्यास ३७,५०० रुपयांची तरतूद होती. पण ज्या आपत्तींसाठी ही मदत केंद्राने अधिसूचित केली होती, त्या यादीत थंडीची लाट होती आणि उष्णतेची लाट नव्हती. यादी केव्हाही बदलली, तरी पुरावा लागेलच, आणि उष्माघाताने मेलेले जनावर लवकर कुजते व शवविच्छेदनात त्याची खास खूण सापडत नाही. मरण्यापूर्वीचे शरीराचे तापमान, वेळ आणि त्या दिवसाची हवा, एवढीच काय ती नोंद राहते. ओढकामाच्या जनावरांसाठी मात्र १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत. त्यानुसार पारा ३७ अंशांच्या वर असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत बैलाला कामाला जुंपता येत नाही. मार्चमध्ये ऊस भरलेल्या गाड्या डांबरी रस्त्यावर कोणत्या वेळी चाललेल्या असतात हे आपल्या वार्ताहरांनी एकदा उभे राहून पाहावे. गाडीवानाला दोष देत नाही. कारखान्यावर त्याचा नंबर हुकला तर त्याचा दिवस बुडतो. नंबर लावणाऱ्यांनी दुपारचे तीन तास वगळले तर बैल आणि माणूस दोघेही सावलीला बसतील.

तेव्हा महोदय, भारतीय हवामान विभागाकडून आपल्याकडे येणाऱ्या माहितीत किमान तापमान आणि सकाळ-संध्याकाळची आर्द्रता येतेच. ती छापायला दोन रकाने लागतील. कोणी त्यापुढे जाऊन निर्देशांकाचा आकडाही छापला तर फारच चांगले, कारण प्रत्येक गोठेवाला संध्याकाळी गुणाकार करत बसणार नाही. जनावरांची धाप दैनिकात वाचायला मिळाल्याशिवाय दिसू नये अशी आपली अवस्था अर्थातच नाही. पण उद्याची रात्र निवणार नाही हे आज सकाळी कळले, तर वैरणीची वेळ बदलता येते, टाकी आधी भरून ठेवता येते, रेतन शक्य तितके गार वेळेला साधता येते.

आमच्या गोठ्यात दाराच्या आतल्या बाजूला एक दोनशे पानी वही खिळ्याला टांगलेली आहे. सूनबाई पहाटे धारांआधी तीन गायींचा पारा घेतात आणि लिहितात. रात्रीच्या हवेचा आकडा त्या मोबाइलवरून शोधतात, तो कधी जिल्ह्याच्या ठिकाणचा असतो, कधी कुठला ते कळत नाही. म्हणून त्या रकान्यात पुष्कळ दिवस नुसती रेघ आहे. आज पहाटेच्या नोंदीत कपिली १०१.८, चंद्री १०२.६, आणि पहिलारू कालवड १०२.९ आहे. हवेच्या रकान्यात रेघ आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
सांगोला तालुका, जि. सोलापूर